सत्तरीचे कार्ड आणि रोजची गोळी

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी, धन्वंतरी जयंतीचा मुहूर्त साधून, केंद्र सरकारने सत्तरी गाठलेल्या प्रत्येक नागरिकास, मग तो जत तालुक्यातल्या डफळापुराच्या माळावर मेंढरे राखणारा असो की पेन्शनीतला मामलेदार, उत्पन्नाची चौकशी न करता, आयुष्मान वय वंदना कार्डान्वये सालिना कुटुंबामागे ५ लाख रुपयांच्या उपचारांची हमी बहाल केली, ही गोष्ट निःसंशय स्तुत्य होय. वय अर्थात आधारकार्डावरचेच ग्राह्य. सबब ज्या जतकर म्हाताऱ्यास शाळामास्तरांनी अंदाजाने १ जून ही जन्मतारीख देताना चार सालांची सूट दिली, त्याने दफ्तरी सत्तरी भरेपर्यंत प्रकृती सांभाळावी, हे ओघानेच आले.

परंतु या उदार तजविजीत एक सूक्ष्म अट आहे, ती अशी की रोग्याने इस्पितळात दाखल झाले पाहिजे. दाखल होण्यापूर्वीचे ३ आणि घरी परतल्यानंतरचे १५ दिवस औषधे सरकारच्या खर्चाने. मात्र रक्तदाबाची वा मधुमेहाची जी गोळी नित्यनेमाने घेतली असता दाखल होण्याचा प्रसंगच बहुधा टळावा, ती या हमीच्या कक्षेबाहेर. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते, साठा असेल तर; जनौषधी केंद्रात स्वस्त मिळते, केंद्र जवळ असेल तर.

मेडिकलच्या फळीवर ते गुळगुळीत कार्ड ठेवून एखादी आजी विचारते, “यावर साखरंच्या गोळ्या देतोस का रं?”

“आजी, त्याला आधी ॲडमिट व्हाया पायजे.”

“मग आठच दिवसांच्या दे,” असे म्हणून ती कमरेची चंची सोडते.