पट्टीचा जाणकार

जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत वाद्यांचा दुष्काळ कधीच नव्हता. वारली पाड्यांवरचा तारपा, भगताची घांगळी, बोहाड्यातला संबळ, भजनी मंडळाची पेटी आणि अलीकडच्या लग्नसराईतला बेंजो या प्रत्येकाला तेथे ठरलेला हंगाम आहे, ठरलेली जागा आहे आणि ज्याचा त्याला मान आहे. या पंगतीत गिटार सर्वांत उशिरा येऊन बसली, पण ती एकटी आली नाही. तिच्यामागोमाग एक विशिष्ट मनुष्यप्रकारही या डोंगराळ भागात रुजला आणि त्याची दखल लोककलांच्या अभ्यासकांनी अद्याप घेतलेली नाही. गिटारवादकांत त्याची गणना करावी की नाही याविषयी मतभेद संभवतात, परंतु गिटारला कोणता कॅपो लावावा याविषयी त्याचा शब्द अखेरचा मानला जातो. प्रस्तुत लेखात त्याला सोयीसाठी कॅपोकोविद म्हटले आहे.

कॅपो म्हणजे गिटारच्या दांडीवर बसणारा चिमटा. दांडीवर धातूच्या ज्या बारीक आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात त्यांना, सतारीच्या परिभाषेतला शब्द वापरायचा तर, पडदे म्हणता येईल; तार जितक्या पुढच्या पडद्यावर दाबावी तितका तिचा वाजणारा भाग आखूड होतो आणि स्वर चढतो. तारेची वाजती लांबी ६५० मिलिमीटर धरली तर पहिला पडदा वरच्या टोकापासून सुमारे ३६.५ मिलिमीटरवर येतो, बारावा बरोबर मध्यावर, म्हणजे ३२५ मिलिमीटरवर, आणि एकेका पडद्यागणिक स्वर अर्ध्या सुराने वर सरकतो. कॅपो एखाद्या पडद्यामागे आवळला की सहाही तारा एकाच वेळी आखूड होतात, आणि वादकाने डाव्या हाताच्या बोटांची ठेवण मुळीच बदलली नाही तरी गाण्याची पट्टी चढते. चढते एवढेच, मोकळ्या तारांच्या खाली सूर उतरवण्याची सोय कॅपोत नाही, आणि ही गोष्ट गायकाच्या गळी उतरवण्यात कॅपोकोविदाची बरीच शक्ती खर्च होते.

जेम्स ॲशबॉर्न नावाच्या अमेरिकी गिटार कारखानदाराने १८५० मध्ये कॅपोच्या एका रचनेचे पेटंट घेतले होते आणि स्पेनमधील फ्लामेंको वादक लाकडी खुंटीने आवळायचा कॅपो आजही वापरतात, ही माहिती तो न विचारताही देतो. जयविलास राजवाडा पाहायला आलेल्या पाहुण्याने मुकणे घराण्याच्या जव्हार संस्थानाविषयी काही विचारले, ते कधी विलीन झाले एवढे तरी कोणी सांगा म्हटले, तर तो दुसऱ्या कोणाकडे तरी बोट दाखवतो. ॲशबॉर्नविषयी मात्र त्याला कोणाची मदत लागत नाही.

त्याच्या उदयाचे कारण समजून घ्यायचे तर मराठी गायकाची पट्टी सांगण्याची रीत लक्षात घ्यावी लागते. येथला भजनी बुवा सी शार्प म्हणत नाही, काळी एक म्हणतो; पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे क्रमांक हीच त्याची परिभाषा. पांढऱ्यांपैकी बऱ्याच पट्ट्या गिटारला सोप्या जातात, कारण त्यांत मोकळ्या तारा कामी येतात. काळ्यांसाठी मात्र बार कॉर्ड लागतात, म्हणजे तर्जनी सहाही तारांवर आडवी दाबून धरायची आणि उरलेल्या तीन बोटांनी कॉर्डचा आकार करायचा. नवशिक्याच्या वाटेत असा पहिला कॉर्ड बहुधा एफ हा येतो, आणि तोरंगण घाटात बंद पडलेल्या एसटीसारखी त्याची प्रगती तेथेच थांबते. कॅपोकोविदाचा जन्म नेमका याच ठिकाणी होतो. पहिल्या पडद्यावर कॅपो लावून सीचा आकार धरला की काळी एक मिळते, डीचा धरला की काळी दोन, जीचा धरला की काळी चार आणि एचा धरला की काळी पाच. काळी तीन तेवढी हट्टी असून तिच्यासाठी कॅपो दुसऱ्या पडद्यावर नेऊन ईचा आकार धरणे सोयीचे पडते. तर्जनीला जे साधले नाही ते चिमट्याला साधलेले पाहिल्यावर माणसाची श्रद्धा कोठे जडेल हे वेगळे सांगायला नको.

हा इसम साधारण विशी-तिशीतला असतो. तो आश्रमशाळेत तासिका तत्त्वावर शिकवतो, एखाद्या कार्यालयात कंत्राटी संगणकचालक असतो किंवा मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो, त्यामुळे पगाराची शाश्वती नसली तरी बारीक स्क्रूंची सवय असते. गिटार त्याने नाशिकहून आणलेली असते, आणि येताना एसटीच्या वाहकाने तिचे अर्धे तिकीट फाडले होते की नाही, याची हकिकत दर वेळी निराळी असते. कॅपो मात्र तो घरबसल्या मागवतो. आतल्या पाड्यांपर्यंत पार्सल सहसा पोचत नसल्याने ते बाजारपेठेतल्या ओळखीच्या दुकानात येऊन पडते, आणि दुकानदार भर गिऱ्हाइकांत फोन लावून, "सर, तुमचा चिमटा आलाय," असे मोठ्याने कळवतो. एवढ्या अभ्यासाअंती निवडलेल्या वस्तूला चिमटा म्हटल्याचे त्याच्या जिवाला लागते, पण जायला तो उशीर करत नाही.

निवडीच्या बाबतीत त्याचे ज्ञान खरोखर पक्के असते, हे येथे निःपक्षपातीपणे नोंदवले पाहिजे. कॅपो कोणता घेऊ असे विचारणाऱ्याला तो प्रथम, "आधी गिटार घेऊन ये, मग बोलू," असे सांगतो, आणि हा सल्ला अचूक आहे. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारची दांडी नटपाशी, म्हणजे तारा ज्या खाचांतून दांडीवर उतरतात त्या पट्टीपाशी, साधारण ५२ मिलिमीटर रुंद आणि वरून सपाट असते, तर पोलादी तारांच्या गिटारची दांडी ४३ मिलिमीटरच्या आसपास आणि किंचित कमानदार असते. कमानदार दांडीवर सपाट कॅपो चढवला की कडेच्या तारा सैल राहून झरझरतात, सपाट दांडीवर वक्र कॅपो चढवला की मधल्या झरझरतात, आणि दोन्ही वेळी दोष वादकाच्या बोटांना दिला जातो. यापुढे प्रश्न येतो दाबाचा. इलॅस्टिकच्या पट्ट्याचा कॅपो स्वस्त आणि हलका, पण त्याचा ताण हळूहळू मरतो. स्प्रिंगचा कॅपो एका हाताने, दोन कडव्यांच्या मधल्या उसंतीतही सरकवता येतो, पण त्याचा जोर कारखान्यात ठरलेला असल्याने तो गरजेपेक्षा जास्त पडला तर तारा ओढल्या जाऊन सुराच्या वर जातात. स्क्रूच्या कॅपोत हा दाब हवा तितकाच ठेवता येतो, मात्र तो लावेपर्यंत गायकाचे पहिले कडवे होऊन गेलेले असते. किमती दोन-तीनशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत जातात, आणि कायसर, शब, जी सेव्हन्थ ही परदेशी नावे तो स्वतःच्या उच्चारांत पण पूर्ण आदराने घेतो.

त्याची परीक्षा पाहण्यासारखी असते. कॅपो पडद्याला अगदी लगटून, पण पडद्यावर न चढता, बसवायचा. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत एकेक तार सावकाश छेडत यायचे. पाचव्या तारेशी थांबून मान तिरकी करायची आणि ती पुन्हा छेडायची. स्क्रू पाव फेरा सैल करायचा, पुन्हा ऐकायचे, मग मोबाइलवरच्या ट्यूनरचा काटा पाहायचा आणि काटा बरोबर मध्यावर असला तरी समाधान न झाल्यासारखे ओठ दाबायचे. त्यानंतर तो कॅपो काढून दुसरा चढवतो. गाणे ऐकण्यासाठी सतरंजीवर बसलेल्यांच्या हळूहळू लक्षात येते की कार्यक्रम केव्हाच सुरू झालेला असून चालू आहे तोच तो.

पावसाळ्यात या शास्त्राची कसोटी लागते. जव्हारचा पाऊस मुंबईकरांच्या सहलीसाठी प्रसिद्ध असला तरी स्प्रिंग, रबर आणि लाकूड या तिघांशीही त्याचे पटत नाही. स्प्रिंगला तांब चढते, रबर चिकट होते, दांडी दमट हवेने फुगते आणि जूनमध्ये नेमका बसलेला कॅपो ऑगस्टमध्ये परका वाटू लागतो. म्हणून कॅपोकोविद आपला संग्रह स्टीलच्या डब्यात ठेवतो आणि डब्यात बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या, ओल शोषणाऱ्या पुड्या टाकतो. घरातली वडीलधारी मंडळी हा डबा फराळाचा समजून एकदा उघडतात, त्यानंतर उघडत नाहीत.

त्याचे खरे संचित मात्र या डब्यात नसून एका दोनशे पानी वहीत असते. पंचक्रोशीत कोण कोणत्या पट्टीत गातो याची ती नोंदवही होय, आणि तिच्याइतका स्थानिक कंठांचा अभ्यास दुसऱ्या कोणी केलेला दिसत नाही. बुवांच्या नावापुढे काळी एक आणि कंसात ‘एकादशीला पांढरी एक’ असा शेरा असतो. नववीच्या मुलींपुढे काळी चार. अंगणवाडीताईंपुढे पांढरी पाच. एका पुढाऱ्याच्या नावापुढे नुसतेच ‘ठरत नाही’. लग्नगीते म्हणणारी धवळेरी कोणत्याही वाद्याचा आधार न घेता तासन्‌तास गाते, म्हणून तिच्यासाठी त्याने कोरे पान सोडलेले असते, आणि ते कोरेच राहते. शाळेच्या स्नेहसंमेलनात स्वागतगीत सुरू झाले की या वहीचा उपयोग व्हावा अशी अपेक्षा असते. परंतु सूत्रसंचालकाने घाई केल्यामुळे मुली ठरल्या पट्टीपेक्षा वर सुरुवात करतात, कॅपोकोविद पहिल्या ओळीत चिमटा दुसऱ्या पडद्यावर नेतो, दुसऱ्या ओळीत तिसऱ्यावर नेऊन एकदाचा सूर गाठतो, आणि तोवर धाप लागून मुली पुन्हा अर्धा सूर घसरलेल्या असतात. अशा रीतीने दोन्ही पक्ष प्रामाणिक असूनही त्यांची भेट क्वचितच होते.

त्याचे प्रतिस्पर्धी दोन. पहिले भजनी मंडळातले पेटीवाले, ज्येष्ठ आणि मितभाषी. ते कोणत्याही पट्टीवर सा धरून तेच बोट तितक्याच सहजतेने चालवतात आणि कॅपोकडे चष्म्यावरून पाहतात. स्केल चेंजर पेटीत पट्ट्यांचा अख्खा संच सुरांवरून सरकवता येतो, तेव्हा तत्त्व तेच आहे, असे त्यांना समजावण्याचा प्रयत्न कॅपोकोविद करतो, त्यावर, "सरकवायची गरज कोणाला पडते?" एवढेच उत्तर येते. दुसरा प्रतिस्पर्धी वरातीच्या बँडमधला कीबोर्डवाला. त्याच्याकडे ट्रान्स्पोज नावाचे बटण असून ते पट्टी चढवते तशी उतरवतेही, आणि हे उतरवणे तो मुद्दाम कॅपोकोविदाच्या देखत करून दाखवतो.

तारप्याशी पडलेली गाठ मात्र स्पर्धेच्या कक्षेत बसत नाही. वाळलेला भोपळा, त्यात खोचलेल्या बांबूच्या दोन नळ्या, सांधे बुजवणारे मेण आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, अशी या वाद्याची घडण असते. नळीची लांबी आणि तिची भोके करणाऱ्याच्या हाताने ठरतात, पेटीच्या हिशेबाने ठरत नाहीत. नाचणाऱ्यांचे वेटोळे तारप्याच्या मागे फिरते, तारपा कोणाच्या मागे फिरत नाही. वाळवंडे गावचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा कॅपोकोविदाला झालेला आनंद निखळ होता. फक्त अभिनंदनाच्या संदेशाखाली ‘पट्टी कोणती असावी?’ असा प्रश्न टाकण्याचा मोह त्याला आवरला नाही. असल्याच कुतूहलापोटी तो तारपा आणि गिटार यांची जुगलबंदी ठरवतो. पाड्यावरचे एक आजोबा येतात, गाल फुगवतात आणि नाकाने श्वास घेत असताना गालांतली हवा सोडत राहण्याच्या युक्तीने, सूर क्षणभरही न तोडता वाजवू लागतात. सूर लागतो तो काळी चार आणि पांढरी सहा यांच्या अधेमधे कोठेतरी. कॅपो पहिल्या पडद्यावर कमी पडतो, दुसऱ्यावर जास्त होतो. दोहोंच्या मध्ये लावला तर काहीच फरक पडत नाही, कारण तार पुढच्या पडद्यावरच टेकते. वही, डबा आणि ट्यूनर यांपैकी कशाचाच इलाज चालत नाही. अखेर तो थंडीमुळे तारपाच उतरला असावा असा निष्कर्ष जाहीर करतो. आजोबा तारपा बाजूला करून गिटारच्या खुंट्यांकडे पाहतात आणि म्हणतात, "तिचे कान पिळ की, बाबा."

उपाय तोच होता. परंतु सहा खुंट्या पिळणे हे कोणालाही जमणारे काम असून त्यात निवडीला वाव नाही, म्हणून त्याच्या लेखी ते शास्त्रात मोडत नाही. जुगलबंदी पुढच्या वर्षावर जाते आणि दरम्यान पार्शल कॅपो, म्हणजे सहापैकी मोजक्याच तारा दाबणारा कॅपो, मागवला जातो. त्याचा तारप्याशी काय संबंध, हे विचारण्याची कोणाची छाती होत नाही.

अलीकडे त्याच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांपैकी एखादी अकरावीतली मुलगी महिनाभरात एफ कॉर्ड स्वच्छ वाजवून दाखवते आणि काळ्या पट्ट्यांत कॅपोवाचून हिंडू लागते. अशा वेळी कॅपोकोविद रागावत नाही. तो तिची गिटार हातात घेतो, दांडीवरून एक डोळा मिटून पाहतो, तारा पडद्यांपासून जरा उंच आहेत असे सांगतो, आणि पुढे जे म्हणतो ते दुर्दैवाने शंभर टक्के बरोबर असते: "पहिल्या पडद्यावर एक कॅपो लावून बघ. तारा खाली येतात, हाताला हलकी लागते. कोणता लावायचा ते मी सांगतो."