पैठणी, पडदा आणि प्रिंटर

घरी छापलेल्या छायाचित्रातील रंगांचा अचूकपणा म्हणजे मूळ वस्तू, संगणकाच्या पडद्यावरील तिची प्रतिमा आणि कागदावर उतरलेले तिचे चित्र या तिघांत एकवाक्यता असणे, अशी व्याख्या करता येईल. परंतु ती प्रयोगशाळेपुरतीच पुरेशी आहे, कारण ज्या घरात लग्नाचा फोटो छापला जातो तेथे एक चौथा पक्षकारही हजर असतो, आणि तो म्हणजे जिने ती पैठणी नेसली होती तिची स्मरणशक्ती. पहिल्या तिघांतील मतभेद मोजण्याची उपकरणे बाजारात मिळतात. चौथ्याच्या बाबतीत शास्त्र अद्याप नम्र आहे.

तंटा मुळात प्रकाश आणि शाई यांचा आहे. पडदा स्वतः उजळतो आणि लाल, हिरवा व निळा असे तीन प्रकाश मिसळून रंग घडवतो; तिन्ही पूर्ण जोरात असले की पांढरा दिसतो, म्हणून ही बेरजेची पद्धत. कागद मात्र स्वतः काहीच उजळत नाही. त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी या चार शाया गिळून टाकतात व उरलेला डोळ्यांपर्यंत येतो, म्हणून ही वजाबाकीची. बेरजेने आलेले उत्तर वजाबाकीने जुळवून दाखवण्याचे काम घरातल्या एका स्वस्त यंत्राकडे सोपवलेले असते, आणि ते जुळले नाही की दोष त्यालाच दिला जातो.

वस्तुतः पहिला आरोपी पडदा आहे. छपाईसाठी पडद्याचे तेज दर चौरस मीटरला ८० ते १२० कॅन्डेला असावे असा सर्वसाधारण संकेत आहे (साधी मेणबत्ती ढोबळमानाने एक कॅन्डेला तेज देते), तर नवा पडदा गिऱ्हाइकावर छाप पाडण्यासाठी बहुधा याच्या दुपटीहून अधिक तेजाने तळपत घरात येतो आणि ते कोणी कमी करत नाही, कारण पैसे पूर्ण उजेडाचे मोजलेले असतात. अशा पडद्यावर चित्र जरा जास्तच उजळ वाटते, म्हणून ते थोडे गडद करून ‘नीट’ केले जाते. मग कागदावर अमावास्या उतरते आणि ‘फोटो काळा आला’ असा निकाल प्रिंटरविरुद्ध लागतो. पडद्यावरचा कोरा चौकोन शेजारी उजेडात धरलेल्या पांढऱ्या कागदाइतकाच पांढरा दिसेल इथवर तेज उतरवणे हा बिनखर्ची उपाय होय. घरातील मंडळी त्यानंतर काही दिवस पडदा बिघडल्याची तक्रार करतात; ती शास्त्राने मनावर घेऊ नये.

एखादे साधन जेवढे रंग दाखवू शकते तेवढा त्याचा रंगविस्तार. पडद्याला सहज जमणारा झगझगीत निळा किंवा राणी रंग शाईच्या विस्ताराबाहेर पडतो, आणि अशा रंगांची सोय दोन प्रकारे लावता येते : एकतर सगळेच रंग थोडेथोडे आवळून सर्वांना आत घ्यायचे, नाहीतर मावणारे जसेच्या तसे ठेवून उरलेल्यांना सीमारेषेवर बसवायचे. पहिल्यात सर्वांवर थोडा अन्याय होतो, दुसऱ्यात थोड्यांवर पुष्कळ. राणी रंगाच्या पदराच्या चुण्या एकमेकींत विरघळून सपाट होतात तो हा दुसरा प्रकार.

ही वाटाघाट घडवून आणण्यासाठी १९९३ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कलर कन्सॉर्टियमने ‘प्रोफाइल’ नावाच्या फायलीचे प्रमाण रूप ठरवले. अमुक प्रिंटर, अमुक शाई आणि अमुक कागद एकत्र आल्यावर कोणत्या आकड्याचा कोणता रंग उमटतो, याची नोंद तीत असते. मूळ शाई संपल्यावर सिरिंजने दुसरीच भरली किंवा चकचकीत कागदाऐवजी मॅट कागद घातला की ही फाइल म्हणजे दुसऱ्याच मुलाची पत्रिका ठरते. याहून मोठा घोटाळा असा की, चित्र दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर आणि प्रिंटरचा ड्रायव्हर हे दोघेही रंग सांभाळण्याची जबाबदारी आपलीच समजतात, दोघेही ती पार पाडतात, आणि दोनदा सुधारलेले वऱ्हाड ताप चढल्यासारखे गुलाबी दिसू लागते. दोघांपैकी एकाला बंद करणे अत्यावश्यक आहे. कोणाला, याविषयी उभय पक्ष मौन पाळतात.

तरीही खरी परीक्षा कागद बाहेर आल्यावरच होते. दोन वस्तूंचे रंग एका प्रकाशात जुळतात आणि दुसऱ्यात फारकत घेतात, या गोष्टीला मेटामेरिझम म्हणतात. विद्यापीठांत ती शिकवली जाते. मॅचिंग सेंटरच्या पायरीवर मात्र ती रोज सिद्ध होते, कारण ट्यूबलाइटखाली जुळलेला ब्लाउजपीस साडीला लावून दारात, उजेडात पाहिल्याखेरीज कोणतीही अनुभवी बाई पाकीट उघडत नाही. मुद्रित चित्र ५००० केल्व्हिनच्या, म्हणजे मध्यम पांढऱ्या प्रकाशात तपासावे हा आयएसओ ३६६४ या मानकाचा आग्रह त्याच पायरीवरचा आहे. दिवाणखान्यातला पिवळा दिवा ३००० केल्व्हिनच्या आसपास आणि स्वयंपाकघरातली ट्यूब ६५०० च्या आसपास असल्याने एकच फोटो चार पावलांत दोन मते देतो. त्यात पैठणी धूपछाव असली, म्हणजे उभा धागा एका रंगाचा व आडवा दुसऱ्या, तर ती अंग वळवताच रंग बदलते. कॅमेऱ्याला त्यातला एकच क्षण मिळतो आणि तो बहुधा नको असलेला असतो.

शिवाय ओळखीच्या वस्तूंचे रंग माणसाला मुळाहून अधिक गहिरे आठवतात, हे रंगविज्ञानातले जुने निरीक्षण आहे. त्यामुळे कपाटातली पैठणी काढून फोटोशेजारी खिडकीत धरली आणि दोन्ही तंतोतंत जुळली, तरी ‘तेव्हा हिचा रंग असा नव्हता’ असे ऐकू येते, व या आक्षेपासाठी कोणताही प्रोफाइल उपलब्ध नाही.

दरम्यान चाचणीच्या प्रतींत पिवळी शाई संपलेली असते, आणि अनेक प्रिंटर तिच्यावाचून वीजबिलाची काळी प्रत काढण्यासही नकार देत असल्यामुळे फाइल पेनड्राइव्हवर घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जावे लागते. तेथे केल्व्हिन, कॅन्डेला यांचा प्रश्न उद्भवत नाही. ‘थोडा उजळ करू ना?’ एवढे तो विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत नवरदेव उजळलेला असतो.