पाहुण्याने सरळ जावे

युरोपला निघालेला माणूस महिनाभर आधी माहितीपुस्तकं चाळतो. लातूर-नांदेडला निघालेला मेहुण्याला फोन करतो. मेहुणा म्हणतो, "या की, त्यात काय अवघड?"

अवघड आहे ती गंजगोलाई. लातूरची ही गोल बाजारपेठ १९१७ सालची, आखणी फैयाजुद्दीन यांची. मधोमध जगदंबेचं देऊळ, भोवती फुटणारे १६ रस्ते. पत्ता विचारला की उत्तर ठरलेलं: "सरळ जावा." सोळांपैकी कोणत्या रस्त्याने, हे पाहुण्याने विचारू नये, सांगणारा तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलेला असतो.

तसे इथले बरेच पाहुणे पर्यटक नसतातच. पत्र्याची पेटी, गुंडाळलेली गादी आणि शिकायला ठेवायचं अकरावीतलं पोरगं घेऊन आलेले पालक असतात. त्यांना खरोशाची लेणी दाखवायला नेलं तर ते तिथेही मेसचा दर विचारतील.

नांदेडला नियम स्पष्ट. सचखंड गुरुद्वाऱ्यात डोकं झाकायचं, जोडे जोडाघरात द्यायचे, लंगरमध्ये पोळी दोन्ही हात पुढे करून घ्यायची. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली इथे देह ठेवला. ही वास्तू पुढे महाराजा रणजितसिंगांनी उभारली. एवढं पाठ करून आलेला पाहुणा मे महिन्यात भरदुपारी अनवाणी फरशीवर उतरला, की इतिहास सोडून सतरंजी शोधतो.

उन्हाळ्यात येणाऱ्याने आणखी एक ध्यानात ठेवावं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. यजमान कितीही आग्रही असला, तरी अंघोळीला दुसरी बादली मागू नये.