बाद झाल्यावर बसायचं कुठे?

क्रीडा खात्याला एक नम्र सूचना आहे. राज्यातल्या सर्वपक्षीय नेत्यांसाठी निवासी कबड्डी शिबिर भरवावं, आणि ते हेमलकशाला भरवावं. बालेवाडी नको. तिथून विमानतळ जवळ पडतो, आणि विमानतळ जवळ असला की आपले गडी सकाळी कुठे उतरतील याचा नेम नसतो. हेमलकसा बरं. आलापल्लीपासून साठेक किलोमीटर जंगल, पावसाळ्यात नाले भरलेले. पर्लकोटा फुगली की पलीकडच्या भामरागडचा तर जगाशी संबंधच तुटत आलाय. झाडी आणि डोंगर बघायचेच असतील तर इथेही आहेत, गुवाहाटीपेक्षा स्वस्तात.

राहायची सोय तंबूत करावी. १९७३ पासून इथे लोक बिरादरी प्रकल्प आहे हे खरं, पण तिथल्या प्राण्यांच्या अनाथालयात बिबटे आणि अस्वलं माणसाळलेली आहेत. त्यांना उगाच वाईट संगत नको.

प्रशिक्षक म्हणून आश्रमशाळांची पोरं घ्यावीत. आदिवासी विकास प्रकल्पाच्या क्रीडा स्पर्धांत खेळलेला चौदा वर्षांखालचा कोणताही गडी चालेल. फक्कीनं आखलेल्या मैदानात असं पोरगं अनवाणी चढाईला जातं. चौघं मिळून घोटा धरतात, मध्यरेषा वीतभर राहिलेली असताना दम तुटतो, पंचांची शिट्टी वाजते. पोरगं उठतं, चड्डीची धूळ झटकतं आणि रेषेबाहेर जाऊन बसतं. पत्रकार परिषद घेत नाही. धरणाऱ्यांना दिल्लीहून रसद होती, असं म्हणत नाही. आपल्या संघानं समोरचा गडी बाद केला की पुन्हा आत जाता येतं, हे त्याला ठाऊक असतं. तोवर बसल्या जागेवरून तो बाकीच्यांना ओरडून डाव सांगत असतो.

पहिल्या आठवड्यात नेत्यांना एवढंच शिकवावं: बाद झालं की बाहेर बसणं. घाई करू नये. २०२४च्या जूनमध्ये लोकसभेत मार बसला तेव्हा महायुतीला विरोधकांचं ‘फेक नॅरेटिव्ह’ दिसलं, आणि नोव्हेंबरात विधानसभा हरल्यावर महाविकास आघाडीला मतदान यंत्रात खोट दिसली. जूनमध्ये तेच यंत्र आघाडीला तक्रारीलायक वाटलं नव्हतं. जिंकलेल्या सामन्याच्या पंचाबद्दल कुणीच तक्रार करत नाही म्हणा.

दुसरा धडा मध्यंतराचा. अर्धा डाव झाला की दोन्ही संघ मैदानातली बाजू बदलतात. पोरांना हे सहज कळतं. नेत्यांना मात्र समजावून सांगावं लागेल की बाजू बदलायची म्हणजे संघ बदलायचा नव्हे. तसंच चढाईचं. गेलेल्यानं परत आपल्या अंगणात यायचं असतं. २०२२च्या जूनमध्ये एकनाथ शिंदे सुरतेच्या बाजूनं चढाईला गेले, शिवसेनेचा निम्म्याहून जास्त संघ सोबत नेला आणि परतले ते मुख्यमंत्री व्हायला. पुढच्या फेब्रुवारीत निवडणूक आयोगानं संघाचं नाव आणि धनुष्यबाणही त्यांनाच देऊन टाकला. २०२३च्या जुलैत अजित पवारांनी तोच डाव टाकला, पुढे घड्याळही त्यांच्याच मनगटावर आलं.

हेमलकसा निवडण्याचं आणखी एक कारण म्हणजे सरावाला प्रतिस्पर्धी बाहेरून आणावे लागणार नाहीत. हा भाग अहेरी मतदारसंघात येतो. २००९, २०१४, २०१९, २०२४, चारही वेळा इथून आत्राम निवडून आले. पक्ष कुठलाही असो, आडनाव बिनविरोध. २०२४ला तर वडील धर्मरावबाबा, लेक भाग्यश्री आणि पुतणे अम्ब्रीशराव एकमेकांसमोर उभे होते. लेक शरद पवारांच्या पक्षात निघाली तेव्हा धर्मरावबाबांनी जाहीर सभेत लोकांना सांगितलं की लेक-जावयाला प्राणहितेत फेकून द्या. कबड्डीत प्रतिस्पर्ध्याला रेषेबाहेर ढकलता येतं, पण इतक्या लांब नाही. निवडणूक बाबांनीच जिंकली. मतदारांनी नदीला कुणाचा त्रास दिला नाही, हीच इथली खिलाडूवृत्ती. नक्षलवाद्यांच्या बहिष्काराची हाक असायची, सुरक्षेपायी मतदान दुपारी तीनलाच आटोपतं, तरी गडचिरोली-चिमूरमध्ये लोकसभेला सत्तर टक्क्यांच्या वर मतदान झालं. एवढं सोसून मत देणारा माणूस निकालानंतर मुकाट घरी जातो. रुसायला त्याला रिसॉर्टही नसतं.

खेळाडू सगळेच साधू असतात, असं कुणी समजू नये. फेब्रुवारी २०२५मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या उपांत्य लढतीत निकाल पटला नाही म्हणून शिवराज राक्षेनं पंचाला लाथ घातली, आणि अंतिम लढतीतून महेंद्र गायकवाड पंचांशी भांडून निघून गेला. दोघेही मोठे मल्ल. तरी कुस्तीगीर संघानं दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी घातली.

शिवसेनेच्या सामन्यात पंच होते विधानसभेचे अध्यक्ष. दीड वर्ष विचार करून १० जानेवारी २०२४ला त्यांनी निकाल दिला: दोन्ही गटांचा एकही आमदार अपात्र नाही.