आबांसारखं नाही म्हणजे नाही

रविवारी संध्याकाळी कोल्हापुरात महाद्वार रोडच्या ऐन गर्दीत एखादा चाळिशीचा धडधाकट माणूस रस्त्यात उकिडवा बसलेला दिसला, तर त्याला भोवळ आली असं समजून कांदा आणायला धावू नका. त्याच्या पुढ्यात बघा. सात-आठ वर्षांचं एक पोरगं तोंड फुगवून उभं असेल. मुलाशी बोलताना त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर यावं, असं या माणसानं कुठंतरी वाचलेलं असतं. मागं रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढत नाही. "ओ पाव्हणं, घरी जाऊन समजवा की," असंही म्हणून झालेलं असतं. हा हलत नाही.

"राजा, तुला ती खेळण्यातली बंदूक का हवीशी वाटली, सांगशील का मला?"

राजा सांगत नाही. मग बाप हिंसेवर बोलतो, जगातल्या युद्धांवर बोलतो, प्लॅस्टिकवर बोलतो. अर्ध्या तासानं दोघं बंदूक घेऊन घरी येतात आणि बाप बायकोला सांगतो, "आमची छान चर्चा झाली."

हा समजावणारा बाप. जन्म पेठेतला, बहुधा शिवाजी पेठेतला. आता बिऱ्हाड आर. के. नगरात नाहीतर फुलेवाडीच्या पुढं, लिफ्टच्या इमारतीत. कपाटात पालकत्वावरची चार पुस्तकं, त्यातली दोन निम्म्यापर्यंत वाचलेली. आणि आयुष्याचं ब्रीद एकच: आबांसारखं नाही म्हणजे नाही.

आबा म्हणजे त्याचे वडील. उद्यमनगरात लेथवर जन्म गेला. त्यांचं बालसंगोपनाचं शास्त्र एवढंच होतं: "काय?", "का?" आणि "ये इकडं." पहिल्याला पोरगं जागच्या जागी थांबायचं, दुसऱ्याला रडायला लागायचं आणि तिसऱ्याची पाळी फारशी यायचीच नाही. आलीच तर देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवर निरगुडीची फोक होती. शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा मास्तरांना "हाडं आमची, कातडं तुमचं" एवढं सांगून आबा तडक कामावर गेले. पुढं तालमीत घातलं तेव्हा वस्तादांनाही तेच सांगितलं. एका कातड्याचे असे दोन मालक झाले, तिसरे घरी होतेच.

या माराबद्दल समजावणाऱ्या बापाची तक्रार आहे, असा तुमचा समज होईल. तो वरवरचा आहे. सकाळी मिसळीच्या टेबलावर चार वर्गमित्र जमले की ऐका. "मला आबांनी पट्ट्यानं फोडलेलं." "पट्टा काय घेऊन बसलास भावा, आमच्यात म्हशीचा कासरा होता." "कासरा परवडला. आमच्या आण्णांनी तर झाडाला बांधलेलं, आणि शेजारची बायका-पोरं बघायला आलेली." प्रत्येक जण आपापला मार चढवून सांगत असतो. कमी मार खाल्लेला मुकाट्यानं कट मागवतो आणि पाव मोडत बसतो. शेवटी कुणीतरी म्हणतंच, "पण म्हणून वळण लागलं." सगळे माना डोलावतात. मग आपला बाप हात पुसत उठतो. "मी मात्र पोराला बोटसुद्धा लावणार नाही." त्यावरही माना डोलतात.

तसं बापांना वळण लावायचं काम या गावात जुनंच आहे. १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. छडी पोराला आणि दंड बापाला, अशी ती चोख वाटणी होती. त्या वेळचा रुपया म्हणजे चेष्टा नव्हे. भल्याभल्यांनी गुरांमागची पोरं आणून पाटीवर बसवली असतील. आज त्यांचे पणतू तोच दंड आपखुशीनं भरतात: अबॅकसला, स्केटिंगला, रोबोटिक्सला, दरमहा, ऑनलाइन. त्यातच २०२४ च्या ऑगस्टमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलमधलं कांस्यपदक मिळवलं. त्याच आठवड्यात आमचा बाप पोरापुढं उकिडवा बसला.

"राजा, तुला नेमबाजी आवडेल का?"

"नाही."

"असं घाईनं नको ठरवू. तुझा वेळ घे."

राजानं वेळ घेतला. रोज जेवताना त्याला विचारलं गेलं, झोपताना विचारलं गेलं, स्कूलबसच्या पायरीवर विचारलं गेलं. आठवड्याच्या शेवटी त्याला आवड निर्माण झाली. हिंसेवर अर्धा तास बोलणारा हाच माणूस आता एअर रायफलच्या किमती बघत बसला आहे.

आबांमध्ये आणि याच्यात खरा फरक आहे तो इथं. आबा निर्णय सांगून मोकळे व्हायचे. हा तोच निर्णय पोराच्या तोंडून वदवून घेतो आणि वर त्याचं कौतुक करतो. पोराच्या बाजूनं बघाल तर आबांची पद्धत दोन मिनिटांत आटपायची, नंतर खेळायला जाता यायचं. इथं खेळ बुडतो. मागं काचेचा जार फुटला तेव्हा समजावणं इतकं लांबलं, की पोरगंच काकुळतीला आलं: "पप्पा, एक फटका द्या आणि सोडा ना." बापाच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या पोराच्या मनात हिंसा कुठून आली, या विषयावर मग आणखी वीस मिनिटं गेली.

अर्थात पोरंही शिकतात. आता याचा आवाज जरा चढला की चिरंजीव शांतपणे म्हणतात, "पप्पा, तुम्ही आत्ता रागात आहात. आपण नंतर बोलूया का?" बापानंच शिकवलेलं वाक्य. त्याला काही बोलता येत नाही. तो बाल्कनीत जाऊन दीर्घ श्वास घेतो, तेवढ्यात इकडं मोबाइल चालू होतो.

खरं तर या सगळ्याचं सरळ रूप गावातच होतं. ना. सी. फडक्यांच्या कन्या लीलाताई पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय काढलं. धाक नाही, मार नाही, मुलांनी स्वतःच्या भाषेत, स्वतः करून बघत, आनंदानं शिकायचं. आपला हा गृहस्थ लहानपणी गावातल्याच दुसऱ्या शाळेत अंगठे धरून उभा होता. आता त्याला तेच सगळं फिनलंडहून व्हॉट्सॲपवर येतं आणि तो थक्क होऊन सोसायटीच्या ग्रुपवर पुढं ढकलतो. लीलाताईंनी मोठ्यांच्या बडबडीबद्दल काय म्हटलं असतं, याची मला आपली उगाच उत्सुकता आहे.

पोहण्याचंच घ्या. आबांनी याला पंचगंगेच्या घाटावर नेलं, पाठीला डबा बांधला आणि ढकललं. दोष एकट्या आबांचा नाही. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये पोहायला भिऊन लपून बसलेल्या श्यामला त्याची आई मारत बाहेर काढते. ते पुस्तक वाचून ज्यांनी ज्यांनी डोळे पुसले, ते सगळे आपापली पोरं विहिरीत ढकलायला मोकळे झाले. आबांनी पुस्तक वाचलं नव्हतं, पण पद्धत तीच होती. आता पोहायचा टँक आहे, शिकवायला सर आहेत, पोराला टोपी आहे, गॉगल आहे आणि काठावर टॉवेल धरून बाप आहे.

"राजा, पाण्याकडं बघून तुझ्या मनात काय येतं? मोकळेपणानं सांग."

"शू येते."

त्याही भावनेचा त्यानं आदर केला. सर मात्र टँकमधल्या बाकीच्या पोरांना बाहेर काढायला लागले.

यात आई कुठं आहे, असं विचाराल. आईच तर घर चालवते. पोरगं सकाळी सात वाजता दप्तर, डबा, बूट, मोजे यांसकट स्कूलबसमध्ये बसतं ते काही चर्चेनं नव्हे. समजावणाऱ्या बापाची चर्चा "तुला दात का घासावेसे वाटत नाहीत?" इथपर्यंत आली की स्वयंपाकघरातून आवाज येतो, "राहू दे तुमचं. मी बघतो आता." ती बाहेर येते, डोळे मोठे करते आणि दात घासले जातात. संध्याकाळी बाप मित्रांना सांगतो, "आमच्या घरात आम्ही ओरडत नाही." हे खोटं नाही. तो ओरडत नाही. त्याच्या वाटणीचं ओरडणं बायको उरकते आणि पोराच्या मनात कडक कोण, तर मम्मी. हा हिशेब पालकत्वावरच्या त्या चार पुस्तकांत कुठं आला असेल तर तो पुढच्या, न वाचलेल्या निम्म्यात असावा.

पण त्याचं खरं दुःख वेगळंच आहे. ज्या माणसाविरुद्ध त्यानं ही सगळी चळवळ उभी केली, तो माणूसच आता जागेवर नाही. आबा निवृत्त झाले आणि बघता बघता विरघळले.

एका गोष्टीत हा आबांचाच वारसा चालवतो. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर तो पोराला घेऊन जातो. समोर म्हैस उभी, धार काढून दिलेला फेसाळ पेला हातात. लहानपणी यानं नाक मुरडलं तेव्हा आबांनी तेच नाक दाबून दूध घशाखाली घातलं होतं. "ही आपली परंपरा आहे राजा," असं म्हणून यानं पेला पुढं केला. राजानं आधी म्हशीकडं बघितलं, मग पेल्याकडं. "उकळलेलं नाहीये. आणि ती माझ्याकडंच बघतीये." बाप खाली बसून प्रथिनांपासून सुरुवात करणार, तोच बरोबर आलेले आबा बोलले, "नको असंल तर राहू दे की रं. लेकराच्या मागं कशाला लागतोस?" आणि नातवाला घेऊन ते कॉकटेल आइस्क्रीम खायला गेलेसुद्धा. कट्ट्यावर बाप, दोन पेले आणि म्हैस राहिली. दोन्ही पेले त्यानंच संपवले. दूध वाया घालवलेलं आबांना चालत नाही, हे त्याच्या हाडांत बसलेलं आहे.

फुटबॉलचा हंगाम आला की हे हाडांतलं सगळं वर येतं. कोल्हापुरात फुटबॉल हा खेळ आहे असं ज्यांना वाटतं, ते बाहेरगावचे. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत माणूस आपल्या पेठेच्या, आपल्या तालमीच्या नावानं बसतो आणि ती जागा बापाकडून पोराकडं येते. हा पाचवीत असताना समोरच्या संघाचा गोल बघून चुकून टाळी वाजवून बसला होता. आबांनी सामना अर्धा टाकला, दंडाला धरून घरी आणलं आणि त्या रात्री पान वाढू दिलं नाही.

परवा याच्या पेठेचं शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालीम, म्हणजे पीटीएम, यांचा सामना होता. हा पोराला घेऊन गेला. वाटेत नेहमीचं बोलणं झालं: शिक्षण तू निवडायचंस, नोकरी तू निवडायचीस, लग्न करायचं की नाही तेही तू ठरवायचंस, आम्ही फक्त पाठीशी. मग पाटाकडीलचा गोल झाला आणि शेजारी बसलेलं पोरगं उडी मारून ओरडलं.

गॅलरीतल्या ओळखीच्या माना वळल्या. बापानं पोराचा दंड धरला. "खाली बस."

"मला पीटीएम आवडते, पप्पा. तुम्हीच म्हणालात ना, काहीही निवड म्हणून?"

"यातलं नाही."

"का?"

"नाही म्हणजे नाही!"

उकिडवं बसायला गॅलरीत जागा नव्हती. समजावायला मुद्दा नव्हता. त्यानं भोवती कोण कोण बसलंय ते बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "हे बघ, झालं ते झालं. पण घरी गेल्यावर आबांना यातलं काही बोलू नकोस. त्यांना सोसायचं नाही."

"त्यांना माहितीये की," म्हणत पोरगं शर्टाची बटणं काढायला लागलं. आत पाटाकडीलची जर्सी होती. "त्यांनीच घेऊन दिली."