बूस्ट करा, काका!

फेसबुकवर दुकानाचं पान काढा, गिऱ्हाईक फुकटात येईल, असं एके काळी झाडून सगळ्या धंदेवाल्यांना सांगितलं गेलं. लोकांनी पानं काढली. जावयापासून जुन्या भाडेकरूपर्यंत सगळ्यांच्या मागे लागून लाइक गोळा केले. मग जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केलं, यापुढे मित्र-नातेवाइकांच्या पोस्ट आधी, धंद्याच्या मागाहून. आधी दिसायचंय? 'बूस्ट'चं बटण आहे की! आपणच जमवलेल्या गर्दीला तोंड दाखवायला आपणच तिकीट काढायचं.

लक्ष्मी रस्त्यावरच्या आमच्या साडीवाल्या काकांनी तेही काढलं. पाचशे रुपये, वर अठरा टक्के जीएसटी. सल्लागार अर्थात भाचा. त्याच्या लॅपटॉपवर स्टिकर इतके की कंपनी कुठली ते कळू नये. पैठणीचा फोटो 'व्हायरल' झाला. रांचीहून 'प्राइस प्लीज' आलं, लुधियान्याहून हात जोडलेले आले, एकाने 'सर, जॉब है क्या' विचारलं. पैठणी काचेआडच राहिली. भाचा म्हणाला, "ब्रँड अवेअरनेस वाढला." काका म्हणाले, "रांचीत."

बरं, भाच्यालाही दोष किती द्यायचा? जानेवारी २०२० मध्ये गूगलने सांगितलं, दोन वर्षांत क्रोममधून थर्ड पार्टी कुकीज, म्हणजे जाहिरातींसाठी साइटोसाइट आपला माग काढणाऱ्या फायली, हद्दपार. लगेच 'कुकीनंतरचं जग' या विषयावर सशुल्क सेमिनार सुरू झाले. मुदत २०२३ वर गेली, मग २०२४, मग २०२५. आपल्याकडच्या उड्डाणपुलांनीही शरमेने मान खाली घालावी! शेवटी जुलै २०२४ मध्ये गूगल म्हणालं, राहू द्यात कुकीज. सेमिनारची फी मात्र कुणी परत केल्याचं ऐकिवात नाही.

परवा भाचा नवा मंत्र घेऊन आला. "काका, आता फर्स्ट पार्टी डेटाचा जमाना. गिऱ्हाइकाची माहिती आपल्याकडे हवी." काकांनी गल्ल्याखालून लाल वही काढली. 'कर्वेनगरच्या वहिनी. धाकटीचं लग्न वैशाखात. हिरवा शालू. अडीच हजार बाकी.' भाच्याचे डोळे विस्फारले. "हे एक्सेलमध्ये टाकू!"

"टाक. बाकी वसूल होते का त्याने?"

माझं मत विचाराल तर काकांनी वहीच पुढे चालवावी, फक्त फोनवर. नंबर घेताना मेसेज पाठवू का, हे विचारावं. संमतीची ही अट २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही आहे. व्हॉट्सॲपच्या साध्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ नावं बसतात, आणि मेसेज जातो तो ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच. म्हणजे वहिनींच्या फोनमध्ये आधी काकांना जागा मिळायला हवी. तिथे बूस्टचं बटण नाही. जाहिरात करायचीच तर आलेल्या प्रत्येकाला 'कुठून कळलं?' एवढं विचारून वहीत लिहावं. महिनाअखेरीस पाचशे रुपये कुठे गेले ते दिसेल.

आणि दुकानदारहो, भाच्याने गूगल नकाशावर तुमचं दुकान '२४ तास उघडं' टाकलं असेल, तर वेळ आजच दुरुस्त करा. दुपारी दोनला कुलूप बघून परतलेलं गिऱ्हाईक एकच तारा देऊन जातं, आणि तो पैसे भरून पुसता येत नाही.