ब्रूनोसाठी स्थळ पाहिजे

शेजारच्या काकांनी ब्रूनोचं जमवायला घेतलंय, आणि त्यांचा काटेकोरपणा पाहून ऊर भरून येतो. मुलगी लॅब्रॅडॉरच हवी, रंगाने सोनेरी, शक्यतो कोथरूडची. पहिलीच वीण, पण आठ पिल्लांची आगाऊ नोंदणी झालीसुद्धा. विक्री नव्हेच, दत्तक! दत्तकाचे पंचवीस हजार, रोख.

2017 च्या नियमांनुसार पैदास करून विकणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, मादी किमान दीड वर्षाची हवी, जन्मभरात पाचच विणी. "ते धंदेवाल्यांना हो," काका म्हणाले. रास्तच आहे.

एक स्थळ जमतच आलं होतं. केनेल क्लबचा वंशावळीचा कागद, लॅमिनेट केलेला, काकांनी टीपॉयवर पसरला. मुलीकडच्या बाईंनी तो बाजूला सारून मुलाच्या खुब्यांचा एक्स-रे मागितला. या जातीत तो दोष पिल्लांत उतरतो म्हणे. काकूंनी पोह्यांच्या बश्या मुकाट्याने उचलल्या. चांगल्या घरात असले प्रश्न विचारतात का?

आता वधूपक्षाने फक्त फोटोवर पसंती कळवावी, अशी अट आहे. फोटो झकास आलाय. बसलेला आहे, उभं राहायला ब्रूनोला जरा वेळ लागतो. वय वर्षे दोन.